पॅलेडियम की निकेल: वजन, चुंबक, आच आणि आम्लावर पारख

नागपूरच्या इतवारीच्या सराफा ओळीत ‘व्हाइट गोल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अंगठीचा पांढरेपणा बहुधा दोनपैकी एका धातूचा असतो: निकेलचा किंवा पॅलेडियमचा. वरून रोडियम या चमकदार पांढऱ्या धातूचा हात फिरला की नुसत्या डोळ्यांनी काही कळायला मार्ग नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: पितळेवर सोन्याआधी निकेलचा थर द्यायचा की पॅलेडियमचा?

आवर्त सारणीत दोघे एकाच उभ्या रांगेत, दहाव्या गणात आहेत. निकेल वर, त्याखाली पॅलेडियम, आणि त्याखाली प्लॅटिनम. अणूंची रचना दोघांची सारखीच घनाकृती. रंगही जवळचा, निकेलला किंचित पिवळसर झाक, पॅलेडियमला करडी. पण सारखेपणा इथेच संपतो. निवड करताना लोक आधी दर बघतात. आमच्या मते दर शेवटी बघावा. वस्तू अंगाला कुठे लागणार, तिला ताण किती सोसायचा आहे आणि तुमच्या आचेवर ती कशी वागणार, हे तीन प्रश्न सुटले की बहुतेक वेळा दराचा प्रश्नच उरत नाही.

आधी आकडे

निकेलची घनता ८.९० ग्रॅम प्रति घन सेंमी, पॅलेडियमची १२.०२. म्हणजे त्याच आकाराची वस्तू पॅलेडियममध्ये १.३५ पट वजन भरते. ग्रॅमचा दर लावून तुलना करणारे हा गुणाकार हमखास विसरतात.

निकेल १४५५° से.ला वितळते, पॅलेडियम १५५५° से.ला. फरक १०० अंशांचाच, पण सोनाराच्या फुंकणीसाठी तो मोठा आहे. एलपीजी आणि हवेच्या साध्या ज्योतीने शुद्ध पॅलेडियमचा रस होत नाही, ऑक्सिजन जोडावाच लागतो. डोळ्यांना वेल्डिंगचा गडद चष्माही लागतो.

ताठपणात निकेल पुढे आहे. त्याचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या जवळपास. पॅलेडियमचा १२० च्या आसपास. ताव देऊन मऊ केलेल्या शुद्ध पॅलेडियमची ओढ सोसण्याची ताकदही निकेलच्या साधारण निम्मी भरते. उष्णता वाहण्यात निकेल ९० तर पॅलेडियम ७२ वॅट प्रति मीटर-केल्विन. वीजरोध निकेलचा सुमारे ७ मायक्रो-ओहम-सेंमी, पॅलेडियमचा साडेदहा. या शेवटच्या आकड्यांवरून ‘निकेल चांगला वाहक, मग विजेच्या संपर्कबिंदूलाही चांगला’ असा निष्कर्ष काढू नका. संपर्काच्या जागी पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा ठरवतो, आतला धातू नव्हे. तिथे पॅलेडियम बाजी मारते.

चुंबकाचा फरक सर्वांत ठळक. निकेल लोखंडासारखे चुंबकाला चिकटते, पॅलेडियम चिकटत नाही. आम्लात दोघेही विरघळतात, पण रीत वेगळी. ते पुढे येईलच.

पहिली पायरी: पाण्यात वजन

खडा नसलेल्या, पोकळ नसलेल्या वस्तूसाठी ही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची चाचणी. ०.०१ ग्रॅमचा काटा चालतो, ०.००१ चा असेल तर उत्तम.

१. पाणी उकळून झाकून गार करा, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. वस्तूला चिकटणारे बुडबुडे त्याने सुटतात. २ मिमी व्यासाचा एक बुडबुडा सुमारे ४ मिलिग्रॅमची चूक करतो.

२. वस्तू डिटर्जंटने धुऊन कोरडी करा आणि हवेत तोला. पॉलिशचा मेण राहिला तर तोही तोलला जातो.

३. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने वस्तू पाण्यात पूर्ण बुडवा. ती तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा दिसेल तो वस्तूने सारलेल्या पाण्याचा.

४. हवेतले वजन गुणिले पाण्याची घनता, भागिले सारलेले पाणी. उत्तर ही वस्तूची घनता.

पाण्याची घनता सरसकट १ धरू नये. २०° ला ती ०.९९८, ३०° ला ०.९९६, ४०° ला ०.९९२ असते. मे महिन्यात नागपूरच्या दुकानात टाकीचे पाणी चाळिशीला टेकते, म्हणून थर्मामीटर ठेवाच. त्याच मोसमातला दुसरा शत्रू कूलर. डेझर्ट कूलरच्या झोताने काट्याचा शेवटचा आकडा नाचत राहतो. तोलायच्या वेळेपुरता कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा, नाहीतर काट्याला काचेची पेटी करून घ्या.

काटा आणि हात बरोबर आहेत की नाही, हे तपासायला शुद्ध निकेलचा नमुना हवा. तो सहज मिळतो: १९४७ चा, एका बाजूला वाघ असलेला रुपया निकेलचा आहे. नवा असताना त्याचे वजन ११.६६ ग्रॅम. ३०° च्या पाण्यात त्याने सुमारे १.३० ग्रॅम पाणी सारले पाहिजे. नाणे झिजलेले असेल तर वजन कमी भरेल, पण घनता ८.९ च्या जवळच यायला हवी. ८.५ आली तर बुडबुडे शोधा, ९.३ आली तर वस्तू अर्धवट बुडाली असेल.

आता दागिन्याकडे. १८ कॅरेटच्या मिश्रणात ७५ भाग सोने, १५ पॅलेडियम आणि १० चांदी धरली तर हिशेबाने घनता १६.४ येते. ७५ सोने, १२ निकेल, ८ तांबे, ५ जस्त धरले तर १४.७. ५ ग्रॅमची सोपी अंगठी ३०° च्या पाण्यात पहिल्या प्रकारात ०.३० ग्रॅम पाणी सारेल, दुसऱ्यात ०.३४. दोन दशांशाच्या काट्यावरही हा फरक दिसतो. २ ग्रॅमची चमकी असेल तर मात्र ०.१२ आणि ०.१४ मध्ये चूक होणारच. तिथे तीन दशांशाचा काटा हवा.

इथे एक सापळा आहे. १४ कॅरेटचे पॅलेडियम व्हाइट गोल्ड, म्हणजे ५८.५ सोने, १५ पॅलेडियम आणि उरलेली चांदी, हेही हिशेबाने १४.७ वरच येते. म्हणजे १८ कॅरेट निकेलवाले आणि १४ कॅरेट पॅलेडियमवाले पाण्यात एकसारखे बोलतात. म्हणून आधी हॉलमार्क वाचा: ७५० की ५८५, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळखक्रमांक) बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. पांढरा धातू कोणता, ते सांगत नाही. शिवाय काही मिश्रणांत दोन्ही धातू असतात. घनता मधेच कुठेतरी आली तर अंदाज न बांधता टंच, म्हणजे धातूंच्या प्रमाणाची तपासणी, करून घ्या.

दुसरी पायरी: चुंबक

निओडिमियमचा छोटा चुंबक दोऱ्याला टांगून वस्तूजवळ न्या. सुट्टी पट्टी, तार किंवा गोळ्या असतील तर निर्णय लगेच लागतो: ओढले तर निकेल (किंवा लोखंड, कोबाल्ट), नाही ओढले तर निकेल नाही. लोखंडाची शंका असेल तर पट्टी लांब चिमट्यात धरून तापवा. निकेलचे चुंबकत्व सुमारे ३५५° से.ला जाते, रंग लालसर होण्याच्या बऱ्याच आधी. गार होताच परत येते. लोखंडाला त्यासाठी ७७०° लागतात, म्हणजे चांगले लाल व्हावे लागते. चुंबक ज्योतीपासून लांब ठेवा. निओडिमियम स्वतः तापला की कायमचा कमजोर होतो.

मिश्रधातूत मात्र चुंबकाचे ऐकू नका. सोन्यात विरघळलेले निकेल सहसा ओढले जात नाही, म्हणून ‘चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे निकेल नाही’ हे बाजारातले वाक्य व्हाइट गोल्डला लागू नाही. जुने २ आणि ५ रुपयांचे क्युप्रोनिकेलचे नाणे घ्या: २५ टक्के निकेल असूनही ते चिकटत नाही. आणि आजचे स्टीलचे रुपयाचे नाणे निकेल नसतानाही चिकटते. जास्त फॉस्फरस असलेला रासायनिक निकेलचा मुलामाही चुंबकाला दाद देत नाही.

तिसरी पायरी: आच

हवेत तापवलेल्या पॅलेडियमवर साधारण ४०० ते ८०० अंशांदरम्यान निळसर-जांभळा पापुद्रा येतो. तो पॅलेडियमचा ऑक्साइड. आच ८०० च्या वर नेली की तो आपोआप मोडतो आणि धातू पुन्हा उजळतो. हळूहळू गार केला तर परतीच्या वाटेवर पुन्हा निळा पडतो. झटकन पाण्यात टाकला तर पांढरा राहतो. निकेलवर आधी पिवळट-निळे रंग आणि मग हिरवट-करडी काळपट साय येते. ती कितीही तापवली तरी जात नाही, घासावी किंवा आम्लात काढावी लागते.

तापवताना ज्योत कशी आहे याला फार महत्त्व आहे. पॅलेडियम हायड्रोजन ओढून घेते, तेही प्रचंड: स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट. गॅस जास्त असलेल्या, पिवळसर ज्योतीत ते हायड्रोजन पिते, फुगते आणि पुढे रोलरवर तडकते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आकारमान १० टक्क्यांनी वाढते. म्हणून पॅलेडियमला ऑक्सिजन थोडा जास्त असलेली, निळी, सरसरणारी ज्योत. निकेलला अशा ज्योतीत साय धरते, म्हणून तिथे मऊ, किंचित गॅसकडे झुकलेली ज्योत आणि वर टाकणखाराचे पांघरूण.

निकेलचा खरा वैरी गंधक. निकेल आणि गंधकाचे संयुग साधारण ६४० अंशांना वितळते आणि कणांच्या सीमांमध्ये शिरते. पत्रा लाल असताना वाकवला की भेगा पडतात. गंधक कुठून येते? कास्टिंगच्या जिप्समचा चिकटलेला कण, रोलरचे तेल, आम्लाच्या भांड्यातले न धुतलेले सल्फेट. तावाआधी गरम पाणी आणि साबणाने धुणे ही निकेलसाठी सक्तीची पायरी समजा. पॅलेडियमला तसाच धोका सिलिकॉनचा आहे. सिलिकाच्या मुशीत कोळशाबरोबर किंवा गॅसच्या ज्योतीत वितळवले तर सिलिकॉन सुटते आणि ८२० अंशांच्या आसपास वितळणारे ठिसूळ मिश्रण तयार होते. ग्रॅफाइटची मूसही टाळा. झिर्कोनियाची मूस महाग पडली तरी तीच घ्या.

चौथी पायरी: थेंबाची चाचणी

डायमिथाइलग्लायॉक्झिम हे एकच रसायन दोन्ही धातूंना वेगवेगळा रंग देते. अमोनियाच्या साथीने निकेल गुलाबी-लाल साका (न विरघळणारा गाळ) देते. पातळ आम्लात पॅलेडियम पिवळा साका देते, जिथे निकेल गप्प बसते.

सुट्ट्या पट्टीसाठी कृती अशी. नायट्रिक आम्ल आणि पाणी सम प्रमाणात घ्या. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नाही. पट्टीच्या कोपऱ्यावर कानस फिरवून ताजा धातू उघडा करा आणि एक थेंब ठेवा. निकेल असेल तर थोड्याच वेळात थेंब हिरवा होतो. तीव्र आम्ल वापरलेत तर निकेल स्वतःवर कवच धरते आणि काही होत नाही. नवखे इथेच चुकतात. पॅलेडियम असेल तर हळूहळू, ऊब दिल्यावर, थेंब तांबूस-तपकिरी होतो. हे थेंब पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत घेऊन थोडे पाणी घाला आणि दोन भाग करा. एका भागात अमोनिया टाकून रसायनाचा अल्कोहोलमधला १ टक्क्याचा द्राव घाला: गुलाबी, म्हणजे निकेल. दुसऱ्यात आम्ल तसेच राहू देऊन तोच द्राव घाला: पिवळे, म्हणजे पॅलेडियम. अमोनियाने गडद निळे झाले तर तांबे आहे. मिठाची चिमूट टाकल्यावर दह्यासारखे पांढरे फाटले तर चांदी.

सोन्याच्या दागिन्यावर ही विरघळवायची चाचणी करू नका. १८ कॅरेट सोने नायट्रिकला दाद देत नाही. आम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवले तर सोने स्वतःच या रसायनाशी खेळते आणि निकाल फसवा येतो. दागिन्यासाठी साधी पुसण्याची चाचणी आहे: कापसाच्या काडीवर १ टक्क्याच्या द्रावाचे दोन थेंब आणि पातळ अमोनियाचे दोन थेंब घेऊन अर्धा मिनिट एकाच जागी घासा. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटते आहे. पांढरीच राहिली तर निकेल नाही असे नव्हे. वर रोडियमचा अखंड थर असू शकतो. जागा निवडताना अंगठीची तळहाताकडची बाजू घ्या. तिथला मुलामा सर्वांत आधी झिजतो.

आम्लाची कामे मोकळ्या हवेत किंवा धुराड्याखाली करा. तपकिरी धूर दिसला की बाजूला व्हा.

एक्सआरएफचा कागद कसा वाचावा

टंच केंद्रातले एक्सआरएफ मशीन क्ष-किरणांनी धातू ओळखते, पण फार तर काही मायक्रॉन खोल बघते. त्यामुळे मुलामा असलेल्या वस्तूचा निकाल म्हणजे बरेचदा मुलाम्याचाच निकाल. रोडियमखाली चमकेसाठी निकेलचा थर दिलेला असेल तर आतले पॅलेडियमचे व्हाइट गोल्डसुद्धा ‘निकेल’ दाखवते. आतल्या बाजूला, हॉलमार्कजवळ, कानशीने छोटी जागा खरवडून तिथे पुन्हा वाचन मागा. वाटल्यास दोन्ही वाचने कागदावर घ्या.

आलेख दाखवायला सांगा. निकेलचा उंचवटा ७.४८ केइव्हीवर (क्ष-किरणांच्या ऊर्जेचे एकक) असतो, तांब्याचा ८.०५ वर, जस्ताचा ८.६४ वर. पॅलेडियमचा २१.२ वर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी: २०.२ वर रोडियम, २२.२ वर चांदी. मशीनची नळीच रोडियमची असेल तर रोडियमचा उंचवटा वस्तूत रोडियम नसतानाही दिसतो. १-२ टक्के पॅलेडियम दाखवले आणि शेजारी रोडियम-चांदी दोन्ही मोठे असतील, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

व्हाइट गोल्ड बनवताना

पॅलेडियमसाठी १०० ग्रॅमचे एक सोपे प्रमाण: शुद्ध सोने ७५.२, पॅलेडियम १३, चांदी ११.८. सोन्यात ते ०.२ जास्त घ्यायचे, कारण टंच ७५० च्या खाली उतरून चालत नाही. पॅलेडियम पातळ पत्र्याच्या तुकड्यांत घ्या. मोठा गोळा तळाशी अर्धवट राहतो आणि पत्र्यात करडे ठिपके दिसतात. सोने आणि पॅलेडियम आधी एकत्र वितळवा, चांदी शेवटी. रस ढवळून ओता, पट्टी रोलरमधून थोडी दाबून, कापून पुन्हा एकदा वितळवा. दुसऱ्या वितळणीने मिश्रण खरोखर एकजीव होते. हे मिश्रण निकेलच्या मिश्रणापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला वाहते. कास्टिंग करत असाल तर जिप्समचा साचा त्या तापमानाला गंधकी वायू सोडू लागतो आणि दागिना छिद्रांनी भरतो. पॅलेडियम जास्त असेल तर फॉस्फेटचा साचा घ्या.

निकेलच्या मिश्रणात जस्त असते आणि ते दर वितळणीला पांढऱ्या धुरात उडते. जुने सोने पुन्हा पुन्हा वापरले की जस्त कमी, निकेल जास्त होत जाते आणि पट्टी काठावर फाटू लागते. निदान निम्मे ताजे मिश्रण घाला.

रोलरवर दोघांची चाल वेगळी. निकेलवाले ताव दिल्यावरही साधारण दुप्पट कडक असते. जाडी थोडीशी उतरवून लगेच ताव देण्याची सवय त्याला घातक. ओतीव पट्टीची जाडी पहिल्या तावाआधी निम्म्याच्या आसपास आणा, मग ७३० ते ७६० अंशांचा ताव. अर्धवट दाबलेल्या पट्टीला ताव दिला की कण मोठे होतात, किंवा आतला ताण मोकळा होताना भेग पडते. तावानंतर लगेच पाण्यात बुडवू नका. पोलादी ठोकळ्यावर ठेवून लाली जाऊ द्या, मग पाणी. पॅलेडियमवाल्याला ७६० ते ८१५, आणि लाल असतानाच सरळ पाण्यात. तापमान रंगावरून ओळखत असाल तर उन्हाच्या खिडकीजवळ बसू नका. उजेडात लाली उशिरा दिसते आणि १०० अंश जास्त आच कधी लागली ते कळतही नाही.

डाख लावताना पॅलेडियमवाल्याला पॅलेडियमचाच पांढरा डाख घ्या. निकेलचा डाख चिकटतो छान, पण कानातल्याच्या दांडीच्या मुळाशी नेमके तेच निकेल घामाला लागते आणि एवढ्या खर्चाचा उपयोग संपतो.

जडाईवाल्याला विचाराल तर तो पॅलेडियमच मागेल. खडा धरणाऱ्या नख्या हातोडीला ऐकतात, खडा फुटत नाही. निकेलच्या नख्या परत उसळतात, पण बसल्या की घट्ट राहतात. त्यांचा एक दोष मात्र गंभीर आहे: क्लोरीन. ब्लीच घातलेल्या पाण्यात भांडी-फरशी करताना किंवा जलतरण तलावात निकेलच्या ताणलेल्या नख्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि एक दिवस खडा गळतो. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगावे.

हिशेबाचे म्हणाल तर, निकेलमध्ये ५ ग्रॅमची होणारी अंगठी त्याच साच्यात पॅलेडियममध्ये ५.६ ग्रॅम होते. सोने ३.७५ वरून ४.२ ग्रॅमवर जाते. म्हणजे वाढीव किमतीत नुसत्या पॅलेडियमचा नव्हे, तर जादा लागलेल्या सोन्याचाही वाटा असतो. बिल फोडून दाखवले की वाद होत नाही.

प्लेटिंगच्या टाकीत

निकेलची नेहमीची वॉट्स टाकी: एक लिटरला निकेल सल्फेट २४० ते ३०० ग्रॅम, निकेल क्लोराइड ४५ ते ६०, बोरिक आम्ल ३० ते ४५. पीएच ३.८ ते ४.५, तापमान ५० ते ६०°, प्रवाह चौरस डेसिमीटरला २ ते ५ अँपिअर. १ अँपिअरला तासाला १२.३ मायक्रॉन थर बसतो. ३ अँपिअरवर, ९५ टक्के कार्यक्षमता धरली तर १० मायक्रॉनला सुमारे १७ मिनिटे. पॅलेडियमचा वेग १ अँपिअरला तासाला १६.५ मायक्रॉन, पण तिथे प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास ठेवावा लागतो आणि थरही पातळच हवा. अर्ध्या मायक्रॉनला ४ मिनिटे पुरतात, आणि चौरस डेसिमीटरला ६० मिलिग्रॅम धातू खर्च होतो. दराशी गुणून पाहा; लोक समजतात तितके महाग पडत नाही.

बिघाड कुठले? निकेलमध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले तर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटत आहेत. वेटिंग एजंट (बुडबुडे सोडवणारे द्रव्य) कमी झाला आहे किंवा टाकी हलत नाही. कडा करपल्या तर प्रवाह जास्त किंवा बोरिक कमी. खोलगट जागा काळ्या पडल्या तर टाकीत तांबे किंवा जस्त उतरले आहे: नालीदार पत्रा लावून ०.२ ते ०.५ अँपिअरवर काही तास चालवा, घाण त्यावर चढते. थर चमकदार पण वाकवताच तडकणारा असेल तर ब्राइटनर (चमक आणणारे द्रव्य) जास्त झाले. कोळशाची गाळणी लावा. पापुद्रा सुटला तर बहुधा दोन टाक्यांमध्ये निकेल हवेत वाळले. निकेलवर काही मिनिटांतच निष्क्रिय कवच येते, त्यावर पुढचा थर धरत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे फार लवकर होते. रॅक ओलाच पुढे न्या.

पॅलेडियमच्या टाक्या बहुधा अमोनियाच्या असतात. त्यात उघडे पितळ बुडवले की तांबे विरघळून टाकी निळी होते आणि निरुपयोगी ठरते. आधी तांब्यावर पातळ सुरक्षक थर, आणि रॅक वीज चालू ठेवूनच आत सोडा. प्रवाह जास्त दिला तर हायड्रोजन थरात शिरतो आणि तासाभराने, वस्तू कपाटात असताना, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात.

टाकी भरायला आणि शेवटच्या धुण्याला बोअरचे पाणी वापरू नका; त्यातला चुना डाग पाडतो. धुण्याच्या पाण्यातले निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नाल्यात सोडता येत नाही. चुन्याने पीएच १० च्या वर नेऊन गाळ बसवा, मग वरच्या पाण्याचा पीएच परत खाली आणून ते सोडा. टाकीवर ओढपंखा हवाच. श्वासातून जाणारी निकेलची संयुगे कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहेत.

अंगाला काय लागते

निकेलची खाज ही घामाशी बांधलेली आहे. घामातले मीठ निकेल सोडवते आणि ते कातडीत शिरते. एकदा शरीर चिडले की पुढे आयुष्यभर चिडते. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या दांडीला ही मर्यादा ०.२ आहे. माल तिकडे पाठवणाऱ्याला ही चाचणी चुकत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम किती येतो हे सांगायला नको, म्हणून आमचा कल सरळ आहे: चमकी, बाळी, कानातल्याची दांडी आणि फिरकी यांत निकेल नको, मुलाम्याखालीही नको. उलट कड्याच्या लॉकची जीभ, ब्रोचची पिन, जिथे उसळी हवी आणि कातडीशी संबंध कमी, तिथे निकेलवाले व्हाइट गोल्ड पॅलेडियमपेक्षा चांगले टिकते. पॅलेडियमची जीभ लवकर सैल पडते. पॅलेडियमचीही ॲलर्जी असते, आणि ती निकेलची ॲलर्जी असलेल्यांतच जास्त आढळते, पण धातूरूपातले पॅलेडियम घामात सहसा सुटत नाही.

दागिन्यांबाहेर

हायड्रोजनचे प्रेम दोघांनाही आहे, पण प्रकार वेगळा. वनस्पती तूप बनते ते तेलात निकेलची पूड घालून हायड्रोजन सोडल्यावर. तिथे निकेल स्वस्त, गाळून काढता येते, गरम तेलात काम करते. औषधनिर्मितीत जिथे कमी तापमानाला नेमका एकच बंध जोडायचा असतो तिथे कोळशावर बसवलेले पॅलेडियम लागते. वापरलेली ही पूड कोरडी झाली की हवेत पेट घेते, ती ओलीच साठवावी. अगदी शुद्ध हायड्रोजन हवा असेल तर २३ ते २५ टक्के चांदी मिसळलेल्या पॅलेडियमच्या पडद्यातून गाळतात. नुसते पॅलेडियम फुगून-आक्रसून फाटते, चांदी ते आवरते.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये उलटी गोष्ट घडली. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये पूर्वी पॅलेडियमचे थर असत. दर चढल्यावर कारखान्यांनी निकेल आणले. त्यासाठी भाजणीची भट्टी ऑक्सिजनरहित करावी लागली, कारण निकेल हवेत जळते. म्हणजे धातू बदलला की प्रक्रियाही बदलते. जुने बोर्ड भंगारात घेणाऱ्यांनी कपॅसिटरचे साल पाहूनच भाव करावा. नव्या बोर्डांतल्या बहुतेक कपॅसिटरांत पॅलेडियम मिळणार नाही.

न्यारा वेगळा ठेवा

न्यारा म्हणजे कामात पडणारा कीस आणि चुरा. पॅलेडियमच्या कामाला वेगळी कानस, वेगळा पाट, वेगळे बफ ठेवा. निकेलचा कीस पॅलेडियमच्या चुऱ्यात मिसळला की शुद्ध करणारा कारखाना दोन्हींचा भाव पाडून लावतो. मिसळला असेल तर सुट्ट्या निकेलचे आणि लोखंडाचे कण कागदाखाली चुंबक फिरवून काढता येतात. निकेलवाल्या व्हाइट गोल्डचा कीस मात्र चुंबकाला येत नाही. डबीवर तारीख, मिश्रण आणि वजन लिहून ठेवा, आणि शुद्धीकरणाला देताना आपल्याकडचा थोडा नमुना राखून ठेवा, म्हणजे त्यांचा टंच आणि तुमचा टंच जुळवून पाहता येतो.